बहिणीने आणलेलं बाकल्याचं बी, त्यावरचा तपकिरी पट्टा आणि शेजारची चवळी: मदत हवी आहे

मेधा_मुलुंड | १० जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहते. तिकडे नगरपालिकेकडून भाजी लावायला जमिनीचा छोटा तुकडा भाड्याने मिळतो, त्यावर ती दरवर्षी ब्रॉड बीन्स लावते आणि बी घरीच धरते. दिवाळीला आली तेव्हा डब्यात घालून ७२ बिया आणल्या. आकडा नेमका आठवतो, कारण माझ्या मुलीने जमिनीवर बसून त्या मोजल्या होत्या. १२ मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर क्रेटमध्ये लावल्या, ४० भाऊबीजेच्या आठवड्यात चौघांना दहा दहा करून वाटल्या, २० घरात आहेत.

माझ्या १२ पैकी ९ उगवल्या. गेल्या आठवड्यात पहिली फुलं आली. पांढऱ्या पाकळीवर काळा ठिपका, अगदी तान्ह्या बाळाच्या गालावर तीट लावावी तसा. रोज सकाळी चहा घेऊन मी वर जात होते, नुसतं बघायला.

आता तीन झाडांच्या पानांवर फिकट आणि गडद हिरवे चट्टे दिसताहेत. विचित्र गोष्ट अशी, की एका पानावर चट्टे आहेत, त्याच्या वरचं पान स्वच्छ आहे आणि त्याच्याही वरचं पुन्हा चट्ट्यांचं. पाणी, खत सगळ्यांना सारखंच आहे. या क्रेटला लागून चवळी आहे (कोकण सदाबहार) आणि पलीकडच्या ड्रममध्ये कडवे वाल. वालाचं बी माहेरचं, आई राख चोळून मडक्यात ठेवते ते. चवळीच्या पानांना भोकं आहेत आणि बारीक भुंगेरेही दिसतात.

फवारणी कशाची करू?

—

स्वानंद_डोंबिवली | १० जानेवारी, रात्री १०:१५

मेधाताई, फोटो बघून तरी हा केवडा वाटतो. पिवळा मोझॅक. आमच्याकडे मुगावर आणि वालावर दर वर्षी येतो. पांढरी माशी पसरवते. पिवळे चिकट सापळे लावा आणि निंबोळी अर्क आठवड्यातून एकदा. झाडावरचे भुंगेही त्याने जरा दूर राहतात.

—

नागावकर | १० जानेवारी, रात्री १०:४०

ताई, आधी एक खुलासा, नाहीतर पुढे गोंधळ होईल. ब्रॉड बीन म्हणजे आपला वाल नाही. पाककृतींच्या भाषांतरात सर्रास तसं लिहितात, पण आपला कडवा वाल, पावटा, वालपापडी हे लॅबलॅब परप्युरियस. ब्रॉड बीन म्हणजे बाकला, विसिया फाबा. उत्तरेकडे थंडीत बाकला लावतात, मुंबईत तो फार कोणी लावत नाही, कारण जरा उकाडा वाढला की फुलं गळतात. तुमच्या बियांना फुलं आली हेच कौतुक.

आमची वडिलोपार्जित जमीन अलिबागजवळ आहे. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल करतो. केवडा मी भरपूर पाहिला आहे. त्यात पान पिवळंधमक होतं, शिरांच्या जाळीत हळद सांडल्यासारखं. तुमच्या फोटोत पिवळा रंग नाही, हिरव्यातच दोन छटा आहेत. मला हा केवडा वाटत नाही.

—

पर्णिका | १० जानेवारी, रात्री ११:२०

मेधा, मी ३१ वर्षं वनस्पतीरोगशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. फवारणी काहीही करू नकोस. आत्ता फक्त एक काम कर. घरातल्या त्या २० बिया पांढऱ्या ताटलीत पसर, भरपूर उजेडात एकेक फिरवून बघ, आणि बियांच्या कडेचा जवळून फोटो टाक. झाडांना तोवर हात लावू नकोस. शेंडे खुडणं, कात्री लावणं, काही नको.

—

मेधा_मुलुंड | ११ जानेवारी, सकाळी ७:३०

पर्णिकाताई, बघितल्या. १३ बिया एकसारख्या बदामी आहेत. ७ बियांना कडेने तपकिरी पट्टा आहे. दोन बियांवर तो गोल फिरून जवळजवळ पूर्ण झाला आहे, जणू चहाच्या कपाच्या तळाचा गोल डाग उठावा. बाकीच्यांवर तुटक आहे. ओल लागल्याचा डाग समजून मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. बहिणीला रात्रीच विचारलं. ती म्हणाली, "गेल्या वर्षीही काही बियांना होता, उगवतात छान, म्हणून ठेवल्या."

—

पर्णिका | ११ जानेवारी, सकाळी ९:०५

मला हीच भीती होती. सविस्तर लिहिते.

बियांच्या कडेचा तपकिरी पट्टा, आणि पानांवर एक आड एक येणारे चट्टे, ही जोडी ब्रॉड बीन स्टेन व्हायरसची ओळख आहे. इंग्लंडमध्ये १९६५ साली त्याचं वर्णन झालं. ईव्हशम भागात हा डाग आधीपासून माहीत असल्याने त्याला तिकडे 'ईव्हशम स्टेन' असंही म्हणतात. त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा दुसरा विषाणू आहे, ब्रॉड बीन ट्रू मोझॅक व्हायरस, जर्मनीत १९५३ मध्ये वर्णन झालेला. दोघांची लक्षणं इतकी सारखी, की नुसत्या डोळ्यांनी वेगळे करता येत नाहीत, त्याला प्रयोगशाळेत एलायझासारखी विषाणू ओळखणारी चाचणीच लागते. दोघेही बियांतून येतात आणि दोघेही भुंग्यांमार्फत पसरतात. दोघे कोमोव्हायरस गटातले. हे नाव चवळीवरूनच पडलं आहे: इंग्रजी 'Cowpea mosaic' (चवळीचा मोझॅक) मधली पहिली अक्षरं, को आणि मो.

या गटाची रचना फार विलक्षण आहे. विषाणूचा कण साधारण २८ नॅनोमीटरचा. त्याची जनुकीय माहिती आरएनएच्या दोन तुकड्यांत असते आणि ते दोन तुकडे दोन वेगळ्या कणांत बंद असतात. एकच पत्र अर्धं अर्धं करून दोन पाकिटांत घालावं तसं. पेशीत दोन्ही पाकिटं पोचली तरच रोग होतो.

आता भुंग्याचं काम. मावा किंवा पांढरी माशी सोंड खुपसून रस शोषते. भुंगा पान कुरतडतो, आणि कुरतडताना पोटातला द्रव तोंडातून जखमेवर सोडतो. रोगट पान खाल्लेलं असेल तर त्या द्रवात विषाणू असतो. त्याच द्रवात आरएनए तोडणारं एक विकर (एन्झाइम) पण असतं. बहुतेक विषाणू त्या जखमेशी अडकून तिथेच थांबतात. भुंग्यांनी पसरणारे विषाणू मात्र पानाच्या जलवाहिन्यांतून पुढे सरकतात आणि जखम न झालेल्या पेशींत जाऊन बसतात. म्हणजे भुंग्याने नुसतं चाखून सोडून दिलं तरी काम झालेलं असतं. आणि भुंगा पुढे काही दिवस विषाणू बाळगून हिंडू शकतो.

औषध नाही. हे स्पष्टच सांगते. झाडात शिरलेला विषाणू कोणत्याही फवारणीने निघत नाही, निंबोळीने नाही, बुरशीनाशकाने तर नाहीच. नऊच्या नऊ झाडं काढावी लागतील.

—

थेम्सकाठ | ११ जानेवारी, दुपारी ४:१०

मी इंग्लंडमध्ये अठरा वर्षं आहे, माझाही असाच जमिनीचा तुकडा आहे. इथे बाकल्याच्या पानांच्या कडा वसंतात अशा कुरतडलेल्या असतात की पान पोस्टाच्या तिकिटासारखं दिसतं. इंग्रजी यू अक्षरासारखे खाचे, ओळीने. ते काम सिटोना लिनिएटस नावाच्या सोंडकिड्याचं. करडा-तपकिरी, अंगावर लांबट रेघा, तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याची अळी जमिनीत मुळांवरच्या गाठी खाते, ज्यात नत्र साठवणारे जिवाणू असतात त्याच. पण पर्णिकाताई, माझ्या वाचनात आलंय की या विषाणूचा खरा कार्यक्षम वाहक तो नाही, एपिऑन व्होरॅक्स नावाचा दुसरा बारीक काळा सोंडकिडा आहे. बरोबर का?

—

पर्णिका | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:००

अगदी बरोबर. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत तेच दिसलं. सिटोना पसरवतो, पण एपिऑन कितीतरी जास्त. म्हणून शेतात ज्याने नुकसान जास्त केल्यासारखं दिसतं त्यालाच मुख्य आरोपी धरू नये. आणखी एक, ब्रॉड बीन मॉटल व्हायरस. तो वेगळ्या गटातला, ब्रोमोव्हायरस, १९५१ पासून माहीत असलेला. त्यालाही भुंगेच पसरवतात, आणि उत्तर आफ्रिकेत बाकल्याच्या पिकाला त्याने फार त्रास दिला आहे.

—

कडवेवाल | ११ जानेवारी, रात्री ८:४५

मी बिरडं खाणारी, शेतीतलं फार कळत नाही. पण नऊपैकी सहा झाडं तर छान दिसताहेत ना? फुलांवर आलेली झाडं उपटायची म्हणजे जिवावर येतं. तीन काढून सहा ठेवली तर?

आणि अशा शेंगा खाल्ल्या तर माणसाला काही होतं का?

—

पर्णिका | ११ जानेवारी, रात्री ९:३०

खाण्याचं आधी. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत, निर्धास्त राहा. बाकल्याची काळजी वेगळ्या कारणाने घ्यावी लागते. ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी या विकराची कमतरता आहे त्यांनी बाकला अजिबात खाऊ नये, तांबड्या पेशी फुटून गंभीर पंडुरोग होतो. मुंबईत पारशी समाजात ही कमतरता बरीच आढळते, तेव्हा शेजारी वाटताना विचारून द्या.

आता सहा झाडांचं. सगळी एकाच घरच्या बियांची आहेत. डाग नसलेल्या बीतही विषाणू असू शकतो, आणि झाडात शिरल्यावर लक्षणं दिसायला वेळ लागतो. शिवाय महिनाभर ती एकाच क्रेटमध्ये, पानाला पान लागून वाढली. रस लागून, कात्रीतून, हातातूनही हा रोग जातो. वरवर निरोगी दिसणारं झाड जास्त धोक्याचं, कारण आपण ते ठेवतो.

आणि मेधाची गच्ची ही फक्त मेधाची गच्ची नाही. या विषाणूला बाकल्याशिवाय वाटाणा आणि मसूरही चालतात. पश्चिम आशियात मसुरावर तो चांगलाच माहीत आहे. आपल्या देशात मसूर, वाटाणा किती लोकांच्या ताटात आणि किती लोकांच्या शेतात आहे हे मी सांगायला नको. आपल्याकडे पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांची कमी नाही. त्यातला कोण या विषाणूला उचलतो हे बघायची जागा बंदिस्त प्रयोगशाळा आहे, मुलुंडची गच्ची नाही.

मेधा, रागावू नकोस, पण हेही सांगते. बाहेरून बियाणं असं सामानात घालून आणता येत नाही. २००३ चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश आहे, त्यानुसार परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमध्ये संशोधनासाठी येणारं बी वाढवून, तपासून मगच सोडतात. परदेशातून आलेल्या बाकल्याच्या बियांत हेच विषाणू तिथे पकडून अडवले गेले आहेत. तेवढी गाळणी लावून जे बाहेर ठेवलं, ते डब्यातून आत येतं.

बहिणीला बोलू नकोस. तिने मायेने आणलं.

—

मेधा_मुलुंड | ११ जानेवारी, रात्री ११:१०

रागावले नाही. वाचून मात्र हातपाय गळाले, कारण माझ्या डोळ्यासमोर झाडं नाहीत, त्या ४० बिया आहेत. त्यातल्या १० मी दादाला दिल्यात. दादा पोयनाडला असतो, घराला लागून वालाचं शेत आहे. मडक्यातलं ते वालाचं बी तिथलंच. आत्ता फोन केला तर लागत नाही, आणि एवढ्या रात्री आईला उठवावंसं वाटत नाही.

—

नागावकर | ११ जानेवारी, रात्री ११:२५

ताई, सकाळी सहाला फोन करा, शेतावर जायच्या आत. लावल्या असतील तर उपटून बांधावर टाकायच्या नाहीत हे दादाला नीट सांगा. आपल्याकडे उपटलेलं सगळं बांधावर जातं, आणि बांधावरूनच किडे पुन्हा शेतात उतरतात.

—

स्वानंद_डोंबिवली | १२ जानेवारी, सकाळी ८:००

मी केवडा म्हणालो ते चुकलं, मेधाताई. पर्णिकाताई, एक विचारतो. बिया गरम पाण्यात बुडवून किंवा औषध चोळून शुद्ध करता येणार नाहीत का? चार पैसे खर्च झाले तरी चालतील, पण बहिणीचं बी वाचेल.

—

पर्णिका | १२ जानेवारी, सकाळी ८:४०

चूक कसली, आपल्याकडे पाहिलेल्या रोगावरूनच माणूस अंदाज बांधतो. बीचं म्हणाल तर विषाणू नुसता सालीवर नसतो, आतल्या अंकुरात असतो. तो मरेल एवढी उष्णता दिली तर बीही मरतं. म्हणून तिकडचे बीउत्पादक बी शुद्ध करत बसत नाहीत, तपासलेल्या निरोगी झाडांचंच बी धरतात.

मेधा, झाडं काढायची ती अशी. सकाळी गार असताना जा, भुंगे तेव्हा सुस्त असतात. प्रत्येक झाडावर आधी काळी प्लास्टिकची पिशवी वरून घाल, मग बुडाशी धरून मुळासकट उपट, पिशवीतच उलटं कर आणि गाठ मार. भुंगा असेल तर तोही आत अडकतो. पिशव्या उन्हात आठ-दहा दिवस राहू देत. कंपोस्टच्या पिंपात घालू नकोस. हात साबणाने, कात्री-खुरपं साबणाच्या पाण्यात उकळून. चवळी आणि वाल आत्ता उपटायची गरज नाही, पण पुढचे सहा आठवडे नव्या पानांवर लक्ष ठेव, आणि यंदा त्या दोन्हींचं बी धरू नकोस. उरलेल्या बिया आणि पानांचा नमुना वेगळ्या बंद पिशव्यांत घालून शिवडीच्या हाजी बंदर रोडवर प्रादेशिक वनस्पती संगरोध केंद्र आहे, तिथे चौकशी कर. लपवून ठेवण्यापेक्षा सांगितलेलं बरं.

—

अक्षता_वसई | १२ जानेवारी, दुपारी १:२०

हे वाचून मी माझ्या चवळीवरचे सगळे भुंगे आजच मारायला निघाले होते! वाडीत ठिपक्यांचे लाल भुंगे खूप आहेत.

—

नागावकर | १२ जानेवारी, दुपारी १:४५

अहो थांबा! लाल-केशरी, गुळगुळीत पाठीचे, मावा जिथे आहे तिथेच फिरणारे असतील तर ते चित्रांग. ते मावा खातात, तुमचे मित्र आहेत. वांग्याच्या पानांची चाळण करणारा भुंगेरा थोडा तसाच दिसतो, पण त्याच्या पाठीवर बारीक लव असते आणि ठिपके जास्त असतात. कोण काय खातोय हे पाच मिनिटं बसून बघा. साठवणीच्या कडधान्यात जे टोके होतात तेही वेगळे, ते दाणा पोखरतात, हा रोग पसरवत नाहीत. शंका असेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा, मराठीत बोलतात.

—

मेधा_मुलुंड | १३ जानेवारी, रात्री १०:३०

हिशोब देते.

आज सकाळी साडेसहाला गच्चीवर गेले. पिशवी घालताना एका झाडाची फुलं आत दिसत होती. नऊही काढली. मुळांवर गुलाबी गाठी होत्या, भरगच्च. इतकी चांगली झाडं होती ती. पिशव्या टाकीच्या बाजूला उन्हात आहेत. मुलीने विचारलं, "ती तीट लावलेली फुलं कुठे गेली?" तिला सगळं खरं सांगितलं. शाळेतून आल्यावर तिने क्रेट माझ्याबरोबर घासला.

१० बिया दिलेल्या जोशीकाकूंनी पुडी उघडलीच नव्हती, तशीच परत दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या फर्नांडिसांनी चार लावल्या होत्या, बाकी सहा होत्या. त्यांच्या बाल्कनीत मी स्वतः जाऊन चारही झाडं पिशवीत घेतली. त्या माणसाने एका शब्दाने विचारलं नाही, उलट पिशवी धरायला उभे राहिले. ऑफिसातल्या मैत्रिणीने चार बिया बदलापूरला नणंदेला दिल्या होत्या. त्या परसात लावल्या आहेत. शनिवारी मी बदलापूरला जाणार आहे. तिच्याकडच्या सहा मिळाल्या.

दादाचा फोन काल दुपारपर्यंत लागत नव्हता. आईने घेतला तेव्हा मी एका दमात सगळं सांगितलं. ती म्हणाली, शेताला लावायला दिलेलं बी म्हणून दादाने मडक्यावर ठेवलं होतं, पण वालाची पेरणी उरकल्यावर आलं म्हणून राहून गेलं. कुठे आहे म्हटलं, तर म्हणाली, "अगं, परवा भिजत घातलं. मोड काही धड येईनात, आज सकाळी तसंच कुकरला लावलं. सालं जाड आहेत, पण चवीला बरं आहे."

मी तिला विचारलं, दहाच्या दहा? म्हणाली, दहाच. भिजवलेलं पाणी कुठे टाकलंस? मोरीत.

—

पर्णिका | १३ जानेवारी, रात्री १०:५०

म्हणजे आता फक्त बदलापूरच्या चार. पिशव्या काळ्याच ने, आणि नणंदेच्या परसात वाटाणा आहे का ते बघ.

—

मेधा_मुलुंड | १७ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

आहे. एक वाफा, बाकल्यापासून दोन हातांवर. बाकल्याची तीनच उगवली होती, ती काढली. चौथं बी माती उकरून शोधलं, कुजलेलं सापडलं, तेही घेतलं. वाटाण्याच्या पानांचे फोटो चढवते आहे. खालून तिसऱ्या वेलाचं वरून दुसरं पान बघाल का?